खाली म्हणजे कुठे

पाणचक्कीच्या हौदात उंचावरून पडणारं पाणी सगळे बघतात. सहलीला आलेली पोरं कठड्यापाशी गर्दी करतात, तुषार अंगावर घेतात, फोटो काढतात आणि बीबी का मकबऱ्याकडे निघून जातात. मला त्या पडण्याच्या आधीची गोष्ट जास्त ओढून घेते. शहराच्या उत्तरेला जे डोंगर आहेत, तिथल्या झऱ्यावरून हे पाणी निघायचं. मातीच्या नळांतून जमिनीखालून काही किलोमीटर यायचं, खाम नदीच्या काठाशी भिंतीच्या पोटातून वर चढायचं आणि मग हौदात झेपावायचं. चढताना त्याला कुणी ओढत नव्हतं. मोटार नव्हती, रहाट नव्हता, बैल नव्हते. पाणी ज्या ताकदीने पडतं त्याच ताकदीने ते चढलेलंही होतं.

पृथ्वी सगळ्या वस्तूंना खाली ओढते, हे आपण शाळेत पाठ करतो आणि तिथेच थांबतो. पाणचक्की त्याच्या पुढे नेते. डोंगरावरून उतरणाऱ्या नळातलं पाणी आपल्या वजनाने पुढच्या पाण्याला ढकलतं. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार टाकतं. नळ जाड असो की बारीक, हिशेब उंचीचाच. नळ कुठे फुटलेला नसेल तर दुसऱ्या टोकाला पाणी जवळजवळ उगमाच्या उंचीपर्यंत चढतं. जवळजवळ म्हणायचं, कारण नळाच्या अंगाला घासत येताना थोडी उंची वाटेत खर्ची पडते.

मधे दरी आली, टेकाड आलं तरी पाण्याची तक्रार नसते. अडचण हवेची असते. नळ उंचवट्यावरून जातो तिथे हवा साठते आणि वाट अडवून बसते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच खांब बांधले. पाणी त्यांत चढायचं, अडकलेली हवा वरून सुटायची, पाणी पुन्हा उतरून पुढे लागायचं. जुन्या शहरात असे काही खांब अजून दिसतात. रोज त्यांच्याजवळून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं काम ठाऊक असतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. एका शहराने श्वास घ्यायची केलेली ती सोय आहे.

चक्की १७४४ च्या सुमाराची, तुर्कताज खानाने बांधलेली. जागा सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. पडत्या पाण्याने पाती फिरायची, पात्यांनी जातं फिरायचं आणि त्यातलं पीठ तिथे उतरणाऱ्या फकिरांच्या पोटात जायचं. हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. मीटरभर खोल पाणी म्हटलं तरी त्या छताच्या दर चौरस मीटरवर एक टनाचं ओझं, आणि ते खालच्या खांबांनी रात्रंदिवस तोलून धरलेलं. शेजारीच महमूद दरवाजा आहे. त्याच्या कमानीतला प्रत्येक दगड पडू पाहतो. त्याच्या दोन्ही अंगांचे दगडही पडू पाहतात, म्हणून मधल्याला पडायला जागाच उरत नाही. सगळे एकमेकांत गच्च रुततात आणि त्या रुतण्यावर दरवाजा शेकडो वर्षं उभा राहतो.

हे शास्त्र इथे पाणचक्कीच्याही सव्वाशे वर्षं आधी कामाला लागलं होतं. मलिक अंबरने १६१० साली खडकी या गावाच्या जागी शहर वसवलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधून काढली. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. मुघल फौजांना वर्षानुवर्षं थोपवून धरणारा सेनापती म्हणून इतिहास त्याचं नाव घेतो. मला तो उतार ओळखणारा माणूस म्हणून त्याहून मोठा वाटतो. डोंगराच्या पोटात झिरपलेलं पाणी गोळा करून भुयारी नहरीने त्याने ते वस्तीपर्यंत आणलं. नहरीला उतार फार दिला तर पाणी वेगाने धावून चुना खरवडून काढतं. कमी दिला तर पाणी रेंगाळतं आणि गाळ बसतो. या दोन्हींच्या मधला उतार मैलोगणती धरून ठेवायचा, तोही जमिनीखाली. त्या कारागिरांना गुरुत्वाकर्षण हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांच्या बोटांना ते माहीत होतं. विसाव्या शतकातही त्या नहरीचं पाणी शहरात येत होतं, यावरून त्या बोटांची पारख करावी.

ती पारख आजच्या मिस्त्रीकडेही आहे. आमच्या घराचं बांधकाम चालू असताना मी तासन्‌तास नुसती बघत बसायची. भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघायचं, आडव्या थराला पाणसळ लावायची आणि लांबच्या दोन खांबांवर एकाच उंचीची खूण करायची असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. दोन्हीकडे पाणी स्थिरावलं की तिथे खूण. मिस्त्री म्हणाले, "ताई, डोळा फसतो, दोरा फसत नाही." दोऱ्याला काय कळतं? तर पृथ्वीचा मध्य कुठल्या दिशेला आहे ते. ओळंबा जिकडे बोट दाखवतो ती खालची दिशा, आणि शांत पाणी जसं पसरतं ती तिला काटकोनातली सपाटी. खाली ही काही साऱ्या विश्वाला मिळून एकच दिशा नाही. आमच्या शहरातल्या हडकोतला ओळंबा आणि पैठणचा ओळंबा अगदी समांतर नसतात. दोघं पृथ्वीच्या एकाच मध्याकडे बघत असल्यामुळे त्यांच्यात किंचित कोन पडतो. पेरू देशातल्या मिस्त्रीचा ओळंबा तर आपल्याशी जवळजवळ उलटा असेल, आणि तरी तोही सरळच भिंत बांधतो.

पैठणचं नाव निघालं म्हणून सांगते. आज या शहराचं पाणी उतारावरून येत नाही, चढावरून येतं. तिथला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पूर्ण भरतो तेव्हा त्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. आपलं शहर साधारण ५६८ मीटरवर. मधे शंभरेक मीटरचा चढ. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून पैठणपर्यंत आपल्या पायांनी उतरून येते, आणि तिथून पुढे आपल्याला तिला उचलून घरी आणावं लागतं. हजार लिटरची गच्चीवरची काळी टाकी घ्या. तेवढं पाणी शंभर मीटर उचलायला पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. हा निसर्गाचा कमीत कमी दर झाला, यात कुणी सूट देत नाही. पंपाची झीज आणि मैलोगणती पाइपातलं घर्षण यांची वीज त्याच्यावर वेगळी. फारोळ्याला शुद्ध होऊन ते पाणी नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवतात, आणि तिथून पुढे मात्र पुन्हा जुनीच युक्ती. टेकडीवरून शहरातल्या टाक्यांकडे, टाक्यांतून गल्ल्यांकडे ते आपल्या वजनाने उतरतं. पाणीपुरवठ्यातली माणसं "पुढे ग्रॅव्हिटीनं जातं" असं सहज म्हणून जातात. तो शब्द इतक्या सवयीने वापरात आलेला ऐकला की मला बरं वाटतं.

आमच्या गल्लीत पाणी उशिरा येतं. बऱ्याच दिवसांनी येतं आणि आलं तरी करंगळीएवढी धार. एकदा चावी फिरवायला आलेल्या लाइनमनला कारण विचारलं. "काकू, तुमची गल्ली उंचावर. खालच्या लोकांचे हौद भरले की मग दाब इकडं चढतो," तो म्हणाला. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि आपला नळ यांच्यात जितक्या मीटरचा फरक, तितकाच जोर. खालच्या गल्लीत कुणी मोटार लावली की तो फरकही आटतो. उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरपाशी उभ्या असलेल्या बायकांना हे सगळं समीकरण न मांडता कळतं. पंधरा लिटरचा हंडा कमरेवर, दुसरा डोक्यावर आणि पुढे चढाची गल्ली. अशा शहरात राहून गुरुत्वाकर्षण हा पुस्तकातला धडा राहूच शकत नाही.

मोंढ्यात ते आणखी वेगळ्या रूपात भेटतं. तिथला जुना दोन पारड्यांचा तराजू मला फार विश्वासाचा वाटतो. एका पारड्यात ज्वारी, दुसऱ्यात लोखंडी माप. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारखंच ओढते, त्यामुळे तिची ओढ हिशेबातून निघून जाते आणि उरतं ते ज्वारीत मुळात किती द्रव्य आहे तेवढंच. हा तराजू चंद्रावर नेला, जिथे ओढ सहापट कमी आहे, तरी किलोभर ज्वारी किलोभरच भरेल. स्प्रिंगचा काटा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र ओढ मोजतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो यावरून ही ओढ सांगतात. पुस्तकात ९.८ मीटर असं लिहिलेलं असतं. आपल्या शहरात ती सुमारे ९.७८ आहे, ध्रुवांवर ९.८३. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी थोडी फुगली आहे, आणि फिरण्यामुळेही ओढ तिथे जरा सैल पडते. साठ किलोचं माणूस इथल्या स्प्रिंगच्या काट्यावर उभं राहिलं आणि तोच काटा ध्रुवावर नेला, तर तिथे पाव किलोहून थोडं जास्त भरेल. माणूस तेच, अंगातलं मांस-हाड तेच. वजन आपलं एकट्याचं नसतं, आपण उभे असतो त्या जागेचंही असतं.

आणि हमाल. पाठीवर पोतं घेऊन चालणाऱ्या हमालाकडे नीट बघावं. तो पुढे वाकतो ते ओझ्याने दबून नव्हे. पोतं आणि तो स्वतः, दोघांचा मिळून जो भारमध्य होतो तो पावलांच्या वर आणण्यासाठी तो वाकलेला असतो. भारमध्य पावलांच्या बाहेर गेला की माणूस कोसळतो. ते गणित त्याच्या कण्यात दर पावलाला सुटत असतं, गाडीच्या फळीवरून चढतानाही. त्या कण्याला मी मनोमन नमस्कार करते.

वेरूळला गेले की कैलासाच्या तळाशी न थांबता मी आधी बाजूच्या पायवाटेने वरच्या कड्यावर जाते. कैलास कळायचा तर वरूनच कळतो, कारण तो वरूनच घडला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी कड्याच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर घेतले, मधे कातळाचा प्रचंड ठोकळा सुटा केला आणि शिखरापासून पायाकडे कोरत उतरले. बांधायच्या देवळाला पाया आधी लागतो, दगड चढवायला मातीचे उतार लागतात, परांची लागते. इथे कारागिराच्या पायाखाली नेहमी न कोरलेला अखंड कातळ असे. तोच त्याची परांची. कळस कोरताना तो कळसाच्या उंचीवर उभा, पट्ट कोरताना पट्टाच्या उंचीवर. छिन्नीने सुटलेली कपची आपोआप खाली जाई. दोन लाख टनांहून अधिक दगड इथून काढला गेला असं म्हणतात, आणि त्यातला एकही देवळासाठी वर चढवावा लागला नाही.

त्याची किंमत एकच होती, आणि ती विचार करवत नाही इतकी मोठी. खाली गेलेला दगड परत वर लावता येत नाही. बांधणाऱ्याला चुकलेला चिरा काढून दुसरा बसवता येतो, कोरणाऱ्याला नाही. हत्तीची सोंड कुठे संपणार हे वरच्या माणसाला कित्येक वर्षं आधी ठरवून टाकावं लागत असणार. पिढ्यांनी पिढ्यांवर टाकलेला हा विश्वास बघून छाती भरून येते. पृथ्वीची ओढ कशी वापरायची याचा एवढा धाडसी विचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वेरूळहून पुढे कन्नड, कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. त्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे, पाटणादेवीचं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख तिथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, ही हकीकत त्यात आहे. भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे हाच परिसर, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यांचा जन्म १११४ चा, सिद्धांतशिरोमणी ११५० चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला. त्यातल्या गोलाध्यायात एक प्रश्न घेतला आहे. पृथ्वीला आधार काय? आधाराला आधार काय, त्याला आणखी काय, असं म्हणत गेलं तर शेवट कुठे? आचार्य सांगतात की पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. आणि चहूकडे सारखंच आकाश असताना ही पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठे?

त्या शेवटच्या प्रश्नासाठी माझा जीव ओवाळून टाकावा असं वाटतं. पडायला खाली लागतं, आणि पृथ्वीला खाली नाहीच, कारण खाली म्हणजे ती स्वतः. न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्याकडे गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला होता असं कुणी अभिमानाने म्हणतं तेव्हा मात्र मला दोघांवरही अन्याय झाल्यासारखं वाटतं. भास्कराचार्यांनी ओढ ओळखली, तिचं माप सांगितलं नाही. न्यूटनने १६८७ मध्ये माप दिलं. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतं. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आपल्यापेक्षा साठपट लांब आहे, म्हणून तिथली ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पट कमी असायला हवी. चंद्र सरळ रेषा सोडून दर सेकंदाला पृथ्वीकडे किती झुकतो ते मोजलं तर ते सव्वा मिलिमीटरहून थोडं अधिक येतं, आणि ४.९ मीटरला ३६०० ने भागलं की नेमकं तेवढंच उरतं. म्हणजे चंद्रही पडतोच आहे. पुढे धावण्याचा वेग इतका की पडता पडता पृथ्वी त्याच्याखालून वळून जाते.

न्यूटनच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला अधिक जवळचा आहे. ओढ एकट्या पृथ्वीची नाही. द्रव्य असलेलं सगळंच सगळ्याला ओढतं, आणि ओढ दोन्हीकडून सारखी. संध्याकाळी आई आणि मी ओट्यावर मीटरभर अंतराने बसतो. दोघींची वजनं साठ साठ किलो धरली तर आमच्यात जी ओढ आहे ती ग्रॅमच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाच्या वजनाइतकी. इतकी कमी की कुठल्याही अंगाला कळू नये. पण शून्य नाही, आणि मधे भिंत घातली तरी थांबत नाही. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधली अशीच अल्पशी ओढ खोलीच्या बाहेरून मोजून दाखवली होती.

आईचे गुडघे दुखतात. "आता हे अंग जमिनीकडे ओढ घेतं," ती म्हणते. माझा आइन्स्टाइन वाचून झाल्यापासून मला तिचं दुखणं वेगळ्या तऱ्हेने समजतं. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत असताना त्याच्या मनात आलं की जो माणूस पडतो आहे त्याला पडत असताना स्वतःचं वजन जाणवत नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलेल्या प्रत्येकाने हे थोडं थोडं अनुभवलेलं आहे. पाळणा माथ्यावरून खाली निघतो, बूड बाकावरून सुटू पाहतं, पोटात गोळा येतो. त्या क्षणी पृथ्वीची ओढ जराही कमी झालेली नसते. बाकाने आपल्याला खालून रेटणं कमी केलेलं असतं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात तरंगत होते ते ओढ नव्हती म्हणून नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवर ती जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक आणि आतली माणसं एकत्र पडत असतात, चंद्रासारखी, म्हणून कुणीच कुणाला रेटत नाही.

वजन म्हणून आपल्याला जे जाणवतं तो असा जमिनीचा रेटा आहे. पृथ्वीची ओढ प्रत्यक्ष कुणालाच जाणवत नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये यावर सगळा सिद्धांत उभा केला: द्रव्यामुळे आसपासचं अवकाश आणि काळ वाकतात, आणि मोकळी सोडलेली वस्तू त्या वाकलेल्या अवकाशात आपल्या परीने सरळच जात असते. आपण मोकळे नाही. जमीन आपल्याला त्या सरळ वाटेवरून अडवून धरते. आईचे गुडघे आयुष्यभर हे अडवणं झेलत आले आहेत: ओट्यापाशी, विहिरीच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या रांगेत. ती आडवी झाली की तोच रेटा सगळ्या पाठीवर वाटला जातो आणि तिला आराम पडतो. याहून चांगलं औषध वैद्यकालाही पुष्कळदा सापडत नाही.

जायकवाडीच्या पंपाविषयी बोलताना मी त्याला चढ म्हटलं. जणू तिथे माणूस पृथ्वीच्या ओढीशी झगडतो आहे. खोलात गेलं की ते झगडणंही तिचंच निघतं. पंपाला वीज लागते. ती बरीचशी कोळशाची. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. ऊन सूर्याचं. आणि सूर्य पेटलेला का आहे? तर त्याचं स्वतःचं अफाट द्रव्य स्वतःलाच आत ओढतं, गाभा दीड कोटी अंशांपर्यंत तापतो आणि त्या दाबात हायड्रोजनचं हेलियम होत राहतं. ओढ नसती तर सूर्य वायूचा विरळ ढग राहिला असता. ज्या उन्हाने समुद्राची वाफ करून पावसाळ्यात ती डोंगरावर आणून ओतली, आणि मलिक अंबरच्या नहरीला पाणी मिळालं, तेही हेच. झरा उंचावर आहे कारण सूर्याने पाणी आधी उचललं. नहर असो की पंप, चढवणारी तीच आणि उतरवणारी तीच.

आता या गोष्टीचं पुढचं पान मराठवाड्यातच लिहिलं जात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी रुपयांचा. आइन्स्टाइन म्हणाला त्याप्रमाणे अवकाश वाकत असेल, तर प्रचंड द्रव्यं एकमेकांवर आदळल्यावर त्या वाकण्याच्या लाटाही उठायला हव्यात. त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांवर. सूर्याच्या २९ आणि ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे १.३ अब्ज वर्षांपूर्वी एकात एक मिसळली, त्याची ती लाट. तो सोमवार होता. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पोळा नुकताच सरला होता, तीन दिवसांनी गणपती बसायचे होते, आणि मराठवाड्यात दुष्काळ होता. त्याच दुष्काळाच्या शेवटी, पुढच्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती लाट आपल्यातूनही गेली. गुलमंडीतल्या दुकानांतून, आटत चाललेल्या विहिरींतून, टँकरच्या रांगेतून. चार किलोमीटर लांबीत तिने केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. असल्या कुजबुजीसारख्या खुणा गोंगाटातून कशा वेचायच्या यावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी दशकानुदशकं काम केलं आहे.

या यंत्राचा गाभा काय आहे ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. दोन भुजा, काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर. त्यांच्या टोकांना आरसे, चाळीस किलोचे, आणि ते टांगलेले अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काचेच्या धाग्यांनी. ओळंबाच तो! जमिनीची थरथर त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून टांगलेला. पण ओळंबा आला की मिस्त्रीची अडचणही आली. लेसरचा किरण सरळ जातो, पाणसळ मात्र पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळते. पाणसळ धरून चार किलोमीटर बांधत गेलं तर भुजेचं टोक सरळ रेषेपासून सव्वा मीटर खाली जाईल, आणि दोन टोकांना टांगलेले आरसे एकमेकांकडे नीट बघणार नाहीत. प्रत्येक आपल्या जागच्या खालच्या दिशेला लोंबेल, दोघांत दोन कलांचा कोन पडेल. म्हणून तिथे सपाट काय आणि सरळ काय हे वेगवेगळं मोजावं लागतं. एका टोकाशी जमीन कापायची, दुसरीकडे भर घालायची, आणि आरसे पाण्याला विचारून नव्हे तर प्रकाशाला विचारून तोलायचे. नहरीचा उतार धरणाऱ्यांच्या मुलुखात हे काम होणार आहे. औंढ्याच्या माळावर पहिल्या भुजेची आखणी चालू होईल तेव्हा मोजणीदारांच्या मागे उभं राहून ते बघायची माझी फार इच्छा आहे, आणि जमलं तर आमच्या मिस्त्रींनाही सोबत न्यायची.